पुस्तकांचा वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तक हातात आलं की आधी नाकाशी नेणारी माणसं आणि त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघणारी माणसं, दोन्ही पक्ष साधारण हेच प्रश्न विचारतात. पहिला पक्ष जरा हळू आवाजात विचारतो, एवढाच फरक. मी पहिल्या पक्षातला आहे, तेव्हा उत्तरं थोडी त्या बाजूला कललेली असतील.

पुस्तक उघडलं की वाचायच्या आधी मी वास घेतो. माझं काही बिघडलंय का?

नाही. या आवडीला ‘बिब्लिऑस्मिया’ असं एक भारदस्त नावही आहे, पण ते ऐकून डॉक्टरांची चिठ्ठी आणावी लागेल असं वाटतं. आपला ‘हुंगणं’ हा शब्द पुरेसा आहे. तो आपण कुत्र्यामांजरांसाठी राखून ठेवलाय, म्हणून माणसं कबूल करायला लाजतात. जुन्या कागदपत्रांचं जतन करणारी मंडळी तर कामाचा भाग म्हणून कागद हुंगतात. कागद आंबूस झालाय का, ओल लागली होती का, हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं.

नव्या कोऱ्या पुस्तकाला वास नेमका कशाचा येतो?

कागद, शाई आणि गोंद. या तिघांचं प्रमाण दर पुस्तकात वेगळं असल्यामुळे ‘नव्या पुस्तकाचा वास’ असा एकच एक वास नसतो.

शाईपासून सुरुवात करू. ऑफसेट छपाईच्या शाईत रंगद्रव्य असतं, राळेसारखे पदार्थ असतात आणि तेलं असतात: जवसाचं, सोयाबीनचं किंवा खनिज तेल. ही शाई पाण्यासारखी वाळत नाही. तिचा थोडा भाग कागदात मुरतो आणि वनस्पती तेलाचा भाग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतो. त्या क्रियेत ऑल्डिहाइडसारखी हलकी, उडून जाणारी द्रव्यं सुटतात. बोटाला शाई लागत नाही म्हणजे ती वाळली असं आपण धरून चालतो. नाकाच्या हिशोबानं ती पुढेही बरेच दिवस वाळत असते.

गोंदाचं वेगळं. बहुतेक पेपरबॅकच्या कण्याला गरम करून वितळवलेला एक कृत्रिम चिकट पदार्थ लावतात, इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट त्याचं नाव. शिवलेल्या बांधणीत गोंद कमी लागतो आणि तो बहुधा पांढरा, पाण्यात कालवलेला असतो. खात्री करून घ्यायची असेल तर नवा पेपरबॅक मधोमध उघडा. आधी नाक दोन पानांमधल्या खाचेत खाली घाला, मग त्याच पानाच्या बाहेरच्या कडेशी आणा. खाचेत किंचित प्लास्टिकसारखा, गोडसर उग्रपणा जाणवेल. कडेला तो निवळून पिठूळ, कोरडा कागद उरतो. एकाच पानावर दोन वास, आणि मध्ये अंतर जेमतेम वीतभर.

चित्रांच्या गुळगुळीत पुस्तकांचा वास जास्त उग्र का असतो?

त्या कागदावर चिनी माती किंवा चुनखडीच्या भुकटीचा थर असतो आणि तो थर धरून ठेवायला चिकट लेटेक्स. अशा पृष्ठभागात शाई फारशी मुरत नाही, वरच बसते. शिवाय पानभर रंगीत चित्र म्हणजे शाईही भरपूर. साध्या कागदावरची कादंबरी त्या मानानं सोज्वळ वाटते.

जुन्या पुस्तकाला तो गोडसर, उबदार वास कुठून येतो?

या प्रश्नाला जरा वेळ देऊ, कारण सगळी गंमत इथेच आहे.

झाडाच्या लाकडात तीन मुख्य गोष्टी असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोजचे लांबच लांब धागे म्हणजे कागदाचा जीव. लिग्निन हे त्या धाग्यांना एकत्र बांधणारं सिमेंट. लाकडात ते साधारण २० ते ३० टक्के असतं. झाडाला उभं राहायला त्याचा उपयोग, कागदात मात्र ते उपद्रवी. प्रकाश आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं आणि हळूहळू तुटत जातं. तुटताना त्यातून जे लहान रेणू बाहेर पडतात, त्यात एक असतो व्हॅनिलिन. व्हॅनिलाच्या शेंगेला जो वास देतो, तोच हा रेणू.

ही ओढूनताणून आणलेली उपमा नाही. १९३० च्या दशकापासून कागद कारखान्यांच्या टाकाऊ द्रवातल्या लिग्निनपासून खाण्यात वापरायचं व्हॅनिलिन बनवलं गेलंय, आणि नॉर्वेतली बोरेगार्ड ही कंपनी आजही ते स्प्रूसच्या लाकडापासून काढते. म्हणजे आइस्क्रीमला वास देणारं व्हॅनिलिन आणि कपाटातल्या कादंबरीतलं व्हॅनिलिन, दोन्ही झाडातून आलेली असू शकतात. एक कारखान्यात घाईनं काढलेलं, दुसरं पन्नास वर्षं संथपणे सुटलेलं.

पण नुसत्या व्हॅनिलिननं जुनं पुस्तक होत नाही. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या मुळात साखरेच्या साखळ्या. आम्लामुळे त्या तुटतात आणि फरफ्युरल तयार होतं. त्याचा वास बदामाकडे, भाजलेल्या पावाकडे झुकणारा. बेंझाल्डिहाइडला कडू बदामाचा वास. हेक्झनालला नुकत्याच कापलेल्या गवताचा. ॲसेटिक आम्ल म्हणजे साधं व्हिनेगर, आंबूसपणा त्याचा. कागदावर शाई पसरू नये म्हणून पूर्वी राळेचा थर देत, तिचा झाडाच्या चिकासारखा वास मागे कुठेतरी रेंगाळतो. जुनी बांधणी असेल तर सरस, खळ आणि कातडंही आपापली भर घालतात. हे सगळं एकदम नाकात शिरतं आणि आपण म्हणतो, ‘जुन्या पुस्तकाचा वास!’

म्हणजे मी पुस्तकाचं मरण हुंगतोय?

शब्द जरा जड झाले, पण हो. जो रेणू तुमच्या नाकात आला तो कागदातून गेला, कायमचा. जितका वास दाट, तितका कागद पडझडीला लागलेला असण्याची शक्यता जास्त. पूर्ण निरोगी कागद नाकाला कंटाळवाणा असतो.

मला स्वतःला याचं वाईट वाटत नाही. पिकलेल्या फळाचा वासही असाच, उतरणीला लागल्याची खूण. फक्त ‘काय सुंदर वास येतोय’ म्हणून जे पुस्तक आपण पुन्हा पुन्हा उघडतो, त्याचंच पान एक दिवस कोपऱ्यातून तुकडा पडून हातात येतं. तेव्हा दचकू नये. ते आधीपासून सांगत होतं.

दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक पांढरं आणि टणक, आणि साठ वर्षांपूर्वीचं पिवळं, ठिसूळ, वासाळ. असं उलटं कसं?

कच्च्या मालामुळे. १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात कागद मुख्यतः चिंध्यांपासून बनत असे, सुती आणि जवसाच्या रोपाच्या धाग्यापासून विणलेल्या लिनन कापडाच्या. कापसात लिग्निन जवळपास नसतंच. वाचणारे वाढले, वर्तमानपत्रं वाढली, चिंध्या पुरेनात. १८४० च्या दशकात जर्मनीत फ्रीडरिश गॉटलोब केलर यानं लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची युक्ती काढली आणि झाड अख्खंच्या अख्खं, लिग्निनसकट, कागदात आलं. त्यात भर म्हणजे राळ कागदाला धरून राहावी म्हणून तुरटीच्या जातीचा क्षार, ॲल्युमिनियम सल्फेट, वापरत. तो दमट हवेत आम्ल तयार करतो आणि ते आम्ल सेल्युलोजचे धागे आतून कुरतडतं. स्वस्त कागदाचं भविष्य त्याच्या जन्मातच लिहिलेलं होतं.

पुढे लिग्निन काढून टाकलेला लगदा आणि आम्लाऐवजी अल्कलीकडे झुकणारा कागद रुळला. १९९४ साली टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं. अशा कागदात चुनखडीची भुकटी असते, ती आम्ल निर्माण झालं की शोषून घेते.

हुंगणाऱ्यांच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की १८५० ते १९८० या पट्ट्यातली स्वस्त छपाईची पुस्तकं सर्वांत गंधाळलेली आहेत. आजची चांगल्या कागदावरची पुस्तकं शंभर वर्षांनी एवढा दरवळ देणार नाहीत. टिकतील मात्र.

यावर खरोखर कुणी संशोधन केलंय, की सगळं काव्यच आहे?

केलंय. २००९ साली रसायनशास्त्रज्ञ मातिया स्त्र्लिच आणि सहकाऱ्यांनी ‘ॲनालिटिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात जुन्या पुस्तकांच्या वासावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ७२ जुन्या कागदांतून बाहेर पडणारी द्रव्यं तपासली आणि त्यातली १५ अशी वेगळी काढली, की त्यांच्या प्रमाणावरून कागदात लिग्निन किती, राळ किती, आम्लता किती, याचा अंदाज बांधता येतो. पुस्तकाचा तुकडा तोडायचा नाही, त्याला धक्काही लावायचा नाही, फक्त त्याच्या भोवतालची हवा तपासायची. म्हणजे आपण जे हौसेनं करतो तेच, फक्त यंत्र लावून.

दुसरा अभ्यास २०१७ चा, सेसिलिया बेम्बिब्रे आणि स्त्र्लिच यांचा. मला हा जास्त आवडतो, कारण यात माणसांची नाकं आहेत. १९२८ सालच्या एका पुस्तकाच्या वासाचा नमुना त्यांनी बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आलेल्या लोकांना दिला, कशाचा आहे ते न सांगता. सर्वाधिक उत्तरं आली: चॉकलेट. त्याखालोखाल कॉफी. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या ग्रंथालयात नेलेल्या लोकांना मात्र तिथला वास लाकडाचा वाटला, धुराचा, मातीचा. समोर पुस्तकांची कपाटं दिसत असली की नाक वेगळी साक्ष देतं. या साऱ्यातून त्यांनी जुन्या कागदाच्या वासांचं एक चक्र तयार केलं: आतल्या बाजूला वासाची जात, मध्ये लोकांनी वापरलेले शब्द आणि बाहेर त्या वासामागचं रसायन.

मला वास कळतो पण सांगता येत नाही. शब्दच सुचत नाहीत.

हे बहुतेकांचं होतं. रंगांना नावं आहेत, वासाला आपण ‘अमक्यासारखा’ म्हणून सोडून देतो. सर्व भाषांत मात्र असं नसतं. मलय द्वीपकल्पातल्या जहाय लोकांच्या भाषेत वासांसाठी स्वतंत्र, रोजच्या वापरातले शब्द आहेत आणि ते वासाचं नाव रंगाइतक्याच सहज सांगतात, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

आणि मराठी तितकी गरीब नाही. कुबट, कोंदट, आंबूस, खवट, करपट, उग्र, खमंग, दर्प, भपकारा, दरवळ, परिमळ. आता हे पुस्तकांना लावून बघा. बंद पेटीतून काढलेलं पुस्तक कोंदट असतं, ओल खाल्लेलं कुबट. नव्या, गुळगुळीत आर्ट पेपरचा भपकारा येतो. जुन्या कादंबरीचा दरवळ. कोंदट आणि कुबट यांतला फरक ज्याला कळला, त्याला पुस्तकं कशी सांभाळायची ते अर्धं कळलं. त्याविषयी पुढे येईलच.

एखाद्या पुस्तकाचा वास घेतला की एकदम लहानपण का आठवतं?

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या चौकीवर जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाचा निरोप या चौकीला वळसा घालतो. नाकातून गंधकंद या मेंदूतल्या वास टिपणाऱ्या भागात, आणि तिथून भावना आणि आठवणी हाताळणाऱ्या भागांशी जवळजवळ थेट गाठ. म्हणून वास आधी मनाला लागतो आणि ‘हे कुठलं बरं?’ हा प्रश्न मागाहून येतो. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारची गंधग्राहकं आहेत. ती घडवणारी जनुकं शोधून काढल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ साली नोबेल मिळालं.

पण कागदाच्या वासात मुळातच काही आनंददायक असतं असं समजू नका. ज्याच्या वाट्याला जुनी पुस्तकं फक्त शिक्षा म्हणून आली, त्याला तोच वास नकोसा होतो. वासाची गोडी आपण जोडलेली असते. कुणाच्या तरी मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट, सुटीतली दुपार, आजारपणात अंथरुणात वाचलेला जाड ग्रंथ. रसायन फक्त दार उघडतं.

दोन-तीन मिनिटांत वास येईनासा होतो. संपतो का?

नाक थकतं, पुस्तक नाही. एकच वास सतत आला की मेंदू त्याकडे काणाडोळा करतो. पुस्तक मिटा, आपल्याच बाहीचा वास घ्या, चार श्वास बाहेरची हवा घ्या आणि परत या. म्हणूनच ग्रंथालयात रोज काम करणाऱ्याला तिथला वास जाणवत नाही आणि तुम्ही दारातून आत पाऊल टाकताच हरखून जाता.

हुंगायची काही पद्धत आहे का?

आहे, निदान माझी आहे. पुस्तक उघडून नाक खुपसलं की एक ढोबळ वास येतो. त्यापेक्षा पुस्तक डाव्या हातात धरा, अंगठ्यानं पानं भरभर सोडा आणि येणारी वाऱ्याची झुळूक नाकावर घ्या. मोठा श्वास नको, लहान लहान दोन-तीन हुंगे. मग मध्यभागी उघडून खाच, मग पुठ्ठ्याच्या आतली बाजू. आतल्या पुठ्ठ्याला गोंद, खळ आणि साठलेली हवा या सगळ्यांचा सर्वांत स्पष्ट वास असतो. आणि पुस्तक थंड खोलीतून आणलं असेल तर थोडा वेळ हातात धरून बसा. ऊब लागली की वास मोकळा होतो.

धुळीनं भरलेलं पुस्तक आधी बाहेर नेऊन पुसा. पानं भरभर सोडण्याचा प्रयोग मी एकदा न पुसता केला, आणि त्यानंतरचा अर्धा तास शिंकण्यात गेला.

माझ्या जुन्या पुस्तकांना कुबट वास येतो. हाच का तो सुंदर वास?

नाही. हा घोळ सर्वांत जास्त होतो, म्हणून नीट सांगतो.

गोडसर, बदामी, लाकडी, किंचित आंबूस: हा कागदाचा स्वतःचा वास. कुबट, ओल्या मातीसारखा, अळंबीसारखा: हा बुरशीचा. बुरशी जिवंत असते आणि कागद, खळ, सरस, कापड हे सगळं तिचं खाद्य. खोलीतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की तिला पालवी फुटते. पुस्तक भिजलं तर दोन दिवसांत. पानांवर राखाडी, हिरवट किंवा काळसर ठिपके आणि वर मऊ लव दिसली तर शंकाच नको. तपकिरी ठिपके मात्र फसवे असतात. तेवढ्यावरून बुरशी जिवंत आहे असं म्हणता येत नाही, नाकाचा कौल घ्या.

बंद पेटीतल्या पुस्तकाचा कोंदटपणा म्हणजे नुसती अडकलेली हवा. ते दोन दिवस उघडं ठेवलं की मोकळं होतं. कुबटपणा दोन दिवसांत जात नाही, आणि गेला तरी दमट दिवशी परत येतो. हीच त्याची ओळख.

मग तो कुबट वास घालवायचा कसा?

आधी ओल घालवा, वास मागून. पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी पसरा आणि सावलीत, हलत्या हवेत ठेवा. कडक उन्हात नको: कागद पिवळा पडतो, पुठ्ठे वाकतात. पूर्ण कोरडं झाल्यावर मऊ ब्रशनं बुरशीची भुकटी बाहेर, घरापासून दूर झाडा, नाकातोंडावर मास्क लावून.

मग झाकणाचा मोठा डबा घ्या. तळाशी वाटीत खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा ठेवा, वर जाळी, जाळीवर पुस्तक किंचित उघडं. सोडा पानांवर भुरभुरवू नका, तो बांधणीत शिरला की निघत नाही. आठवडा-दोन आठवडे धीर धरा. काही पुस्तकांचा वास पूर्ण जातो, काहींचा निम्माच, आणि काही तुम्हाला हरवतात.

अत्तर, कॉफीची पूड, सुगंधी कागद हे सगळे उपाय म्हणजे वासावर वास. त्यांनी कुबटपणा झाकला जातो आणि पुस्तकाला तेलकट डाग पडू शकतात ते वेगळंच.

कपाटात डांबरगोळ्या ठेवू का?

नको. नॅप्थलीनची वाफ माणसांना, विशेषतः लहान मुलांना, चांगली नाही. आणि तो वास कागदात इतका घट्ट बसतो, की पुढे त्या पुस्तकाला पुस्तकाचा वास कधी येईल हे सांगता येत नाही. कसर आणि वाळवी यांना दूर ठेवायचं तर कपाट कोरडं, भिंतीपासून चार बोटं पुढे आणि अधूनमधून उघडलेलं हवं. जी पुस्तकं हाताळली जातात त्यांना कीड कमी लागते.

पुस्तकं हुंगल्यानं तब्येतीला काही धोका?

नेहमीच्या पुस्तकांतून सुटणारी द्रव्यं अगदी अल्प असतात. नव्या छपाईच्या वासानं कुणाकुणाचं डोकं दुखतं, त्यांनी पुस्तक चार दिवस उघडं ठेवून मग वाचावं. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी धुळीपासून आणि बुरशी आलेल्या पुस्तकापासून लांब राहावं. तिथे नाक खुपसणं म्हणजे बीजाणू ओढून घेणं.

एक खरी भानगड आहे. १९ व्या शतकातल्या काही कापडी बांधण्यांना झगझगीत पाचूसारखा हिरवा रंग द्यायला आर्सेनिकचं संयुग वापरलं जायचं. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयात २०१९ पासून अशा पुस्तकांचा शोध घेणारा प्रकल्प चालू आहे, आणि २०२४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं अशी ४ पुस्तकं वाचकांसमोरून काढून घेतली. आर्सेनिकचा तुम्हाला वास येणार नाही, रंगाची भुकटी मात्र हाताला आणि नाकाला लागू शकते. तेव्हा त्या काळातलं हिरवंगार कापडी पुस्तक दिसलं तर लांबूनच नमस्कार करा.

वासावरून पुस्तकाचं वय सांगता येतं का?

वय नाही, प्रकृती सांगता येते. चिंध्यांच्या कागदाचं म्हातारं पुस्तक जवळजवळ निर्गंध असू शकतं आणि न्यूजप्रिंटवर छापलेली पन्नाशीतली रहस्यकथा घमघमते. व्हिनेगरसारखा आंबूसपणा जाणवला तर आम्ल वाढलंय असं समजा. जुन्या सिनेमाच्या ॲसिटेट फिल्मबाबतही हेच. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला की फिल्म खराब व्हायला लागलीय हे सांभाळणाऱ्यांना कळतं.

कधी कधी मात्र पुस्तक स्वतःपेक्षा मालकाबद्दल जास्त सांगतं. कागद वास शोषून घेतो: धूर, स्वयंपाक, साबण, औषधं. माझ्याकडे जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेला एक जाडजूड शब्दकोश आहे. त्याच्या ‘क’पासून ‘त’पर्यंतच्या पानांना तंबाखूच्या धुराचा वास येतो, पुढच्या पानांना नाही. तो माणूस ‘थ’पाशी का थांबला, तंबाखू सुटली की शब्दकोश सुटला, याचा मी बरेचदा विचार केलाय.

नव्या पुस्तकाचा वास टिकवता येतो का?

नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं तर थोडा लांबतो, पण ओल अडकली तर नव्या वासाच्या जागी कुबट वास मिळतो. सौदा वाईट आहे. लगेच वाचा.

या वासाचं अत्तर मिळतं म्हणतात?

मिळतं. सर्वांत गाजलेलं म्हणजे २०१२ सालचं ‘पेपर पॅशन’. अत्तरकार गेझा शोन आणि प्रकाशक गेऱ्हार्ट श्टायडल या दोघा जर्मनांनी मिळून केलेलं. नव्या छापलेल्या पुस्तकाच्या वासावर बेतलेलं, आणि बाटली ठेवलेली पोकळ पुस्तकात. कल्पना झकास आहे. पण पुस्तकाचा वास घेताना निम्मं काम हात करतात, पानांची खरखर करते, आणि बाटलीतून ते कसं यावं?

ई-पुस्तकं वाचणाऱ्यांनी काय करायचं?

वाचायचं. वास येत नाही म्हणून मजकूर हलका होत नाही. मी प्रवासात यंत्रावर वाचतो आणि घरी कागदावर. मात्र यंत्रावर वाचलेली पुस्तकं मला पुढे एकमेकांत मिसळून गेल्यासारखी आठवतात. त्यात वासाचा हात किती आणि माझ्या वयाचा किती, ते सांगणं कठीण आहे.

दुकानात पुस्तक हुंगणं शिष्टाचाराला धरून आहे का?

पानांची झुळूक घेण्याइतपत चालतं. नाक टेकवू नये. सर्दी असेल तर मुळीच नाही.

उसनं नेलेलं पुस्तक परत आलं, पण त्याचा वास बदललाय. तक्रार करावी का?

कुणाकडे करणार? पुस्तक जिथे राहतं तिथली हवा घेऊन येतं. माझं एक पुस्तक दोन वर्षांनी परत आलं तेव्हा त्याला कुणाच्या तरी कपड्यांच्या कपाटातल्या साबणाचा वास येत होता. अजूनही येतो. सत्याऐंशीव्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे, म्हणजे निदान तिथवर वाचलं असावं.